भायखळा-परळ : १९३७ चा एक मतदारसंघ आणि त्याचे गणित

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली मुंबई इलाख्याच्या विधानसभेवर निवडून गेले, हे बहुतेकांना ठाऊक असते. ते कोणत्या मतदारसंघातून निवडून गेले, त्या मतदारसंघात मत देण्याची पद्धत कोणती होती आणि तेथे मत देण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न मात्र फारसे विचारले जात नाहीत. चरित्रांत या निवडणुकीला एखाद-दुसरा परिच्छेद मिळतो. विजयाची नोंद होते, पराभूत उमेदवार प्रसिद्ध क्रिकेटपटू होते म्हणून त्यांचाही उल्लेख होतो, आणि कथन लगेच विधानसभेतील भाषणांकडे वळते. माझ्या मते त्या निवडणुकीतील खरी शिकण्यासारखी गोष्ट मधल्या मध्ये सुटून जाते. ‘मुंबई शहर, भायखळा आणि परळ’ या नावाच्या त्या सर्वसाधारण मतदारसंघाची रचनाच अशी होती, की संख्येने कमी असलेल्या पण एकजुटीने मतदान करणाऱ्या समाजाला संयुक्त, म्हणजे सर्व जातींच्या सामायिक, मतदारसंघातही आपल्या पसंतीचा माणूस निवडून आणता यावा. त्या रचनेबद्दल सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

आधी भूगोल. महानगरपालिकेच्या तेव्हाच्या विभागणीत भायखळा ‘ई’ वॉर्डात आणि परळ ‘एफ’ वॉर्डात मोडत असे. भायखळ्याची वस्ती जुनी, मिश्र आणि दाट होती : रेल्वे स्थानक, राणीची बाग, नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा. परळकडे सरकले की गिरण्यांच्या चिमण्या, रेल्वेचे कारखाने आणि त्यांच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या चाळी लागत. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळी आणि १९२० नंतर विकास खात्याने नायगाव, शिवडी, डिलाइल रोड व वरळी येथे उभारलेल्या बीडीडी चाळी यांनी या भागाला आजवर ओळखता येईल असा चेहरा दिला. कोकणातून आणि देशावरून आलेले कामगार येथे राहत, आणि त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची संख्या मोठी होती. गिरणीतही जातिभेद पाळला जाई. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, या कारणाने विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे, आणि अधिक मजुरी त्याच खात्यात मिळत असे. खुद्द आंबेडकर १९१२ पासून १९३४ मध्ये दादरच्या ‘राजगृहा’त जाईपर्यंत, परदेशातील शिक्षणाची वर्षे वगळता, परळच्या पोयबावडीवरील बीआयटी चाळीत राहत होते. परळच्याच दामोदर हॉलमध्ये मार्च १९२४ मध्ये झालेल्या सभेतून पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली. तेव्हा १९३७ साली त्यांनी येथून उभे राहणे हे अगदी स्वाभाविक होते; या मतदारांत त्यांचे आयुष्य गेले होते.

या मतदारसंघापूर्वीची स्थिती समजून घेतल्याशिवाय १९३७ चे महत्त्व कळत नाही. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्याला जे कायदेमंडळ मिळाले, त्याच्या निवडणुका १९२० पासून होऊ लागल्या. मतदानाचा हक्क मालमत्ता, कर आणि घरभाडे यांच्या निकषांवर बेतलेला असल्यामुळे तो लोकसंख्येच्या अगदी थोड्या भागापुरता होता. मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. अस्पृश्यांसाठी मात्र निवडणुकीतून भरायची एकही जागा नव्हती. त्यांचे प्रतिनिधी सरकार नेमत असे. १९२६ च्या अखेरीस डॉ. आंबेडकर आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची नेमणूक झाली ती याच पद्धतीने. नेमलेल्या सभासदाला बोलता येते, विधेयक मांडता येते. आंबेडकरांनी १९२८ मध्ये महार वतनाचे, म्हणजे महारांना वंशपरंपरेने कराव्या लागणाऱ्या गावकीच्या कामाबाबतचे, विधेयक मांडलेही. परंतु त्याच्या पाठीशी मतदार नसतो, आणि त्याची पुढील मुदत सरकारच्या मर्जीवर अवलंबून असते. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव याच कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला होता, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे मतांचे बळ नसलेल्या प्रतिनिधित्वाची मर्यादा स्पष्ट होते.

आंबेडकरांची या विषयावरची भूमिका वर्षानुवर्षे घडत गेली. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी मताधिकाराबद्दल साक्ष दिली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मिळणार असेल तर राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ चालतील, असे म्हटले होते. गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांची, म्हणजे जेथे फक्त अस्पृश्य मतदारच आपला प्रतिनिधी निवडतील अशा मतदारसंघांची, मागणी केली, आणि ब्रिटिश सरकारच्या ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने ती मान्य केली. त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे : २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा वाढून देशभरात १४८ झाल्या आणि मुंबई इलाख्याच्या वाट्याला १५ जागा आल्या.

पुणे कराराची चर्चा होते ती बहुधा येथेच थांबते. परंतु करारात एक दुहेरी व्यवस्था होती. राखीव जागेसाठी चारांपेक्षा अधिक उमेदवार असतील तर आधी फक्त अनुसूचित जातींच्या मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार जणांची निवड करायची, आणि मग त्या चौघांतून सर्व हिंदू मतदारांनी मिळून एकाला निवडायचे. वरवर पाहता यात समाजाच्या पसंतीला स्थान आहे असे वाटते. पण चौघांत तीन जण समाजाचे विश्वासू असले आणि चौथा एखाद्या मोठ्या पक्षाचा असला, तर अंतिम फेरीत बहुसंख्य मतदार त्या चौथ्यालाच निवडून देऊ शकत होते. प्राथमिक फेरीत शेवटचा आलेला माणूस अंतिम फेरीत पहिला येऊ शकतो, ही त्या करारातील अडचण आंबेडकरांनी पुढे अनेकदा आणि फार पोटतिडकीने मांडली. कराराने मिळालेल्या जागा खऱ्या अर्थाने समाजाच्या राहणार की नाही, हे मग एका अगदी तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नावर येऊन ठेपले : अंतिम फेरीत मतदाराने आपली मते कशी टाकायची?

१९३५ च्या कायद्यानुसार मतदारसंघांच्या सीमा व मतदानाच्या पद्धती ठरवण्यासाठी सर लॉरी हॅमंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राखीव जागा असलेले मतदारसंघ एकाहून अधिक सभासदांचे असणार होते, आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळणार होती. वाद होता तो असा, की ही मते प्रत्येकी वेगवेगळ्या उमेदवाराला दिलीच पाहिजेत की मतदाराला हवी असल्यास ती सर्व एकाच उमेदवाराच्या पदरात टाकता यावीत. पहिली सक्तीच्या वाटपाची पद्धत, दुसरी संचयी मतदानाची. आंबेडकरांचा आग्रह दुसऱ्या पद्धतीसाठी होता. सवर्ण हिंदूंच्या बाजूने सक्तीच्या वाटपाची मागणी झाली होती. हॅमंड समितीने ती मागणी मान्य केली नाही आणि मुंबई इलाख्यात संचयी मतदान लागू झाले.

हा फरक किती मोठा आहे, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, एका मतदारसंघात तीन जागा आहेत, त्यांपैकी एक राखीव, आणि दहा हजार मतदारांपैकी तीन हजार अनुसूचित जातींचे आहेत. वाटपाची सक्ती असेल तर हे तीन हजार मतदार आपल्या उमेदवाराला प्रत्येकी एकच मत देऊ शकतात, म्हणजे एकूण तीन हजार मते. उरलेले सात हजार मतदार शिस्तीने मत देतील तर ते राखीव जागेवरील आपल्या पसंतीच्या उमेदवाराला सात हजार मते देतात, आणि त्यासाठी त्यांना सर्वसाधारण जागांवरील आपल्या उमेदवारांची काहीही किंमत मोजावी लागत नाही, कारण एक मत तर कोठेतरी द्यायचेच असते. आता संचयी पद्धत घ्या. तीन हजार मतदार आपली तिन्ही मते एकाच माणसाला देतात : नऊ हजार. समोरच्यांची एकूण मते एकवीस हजार; ती तीन उमेदवारांत सारखी वाटली तर प्रत्येकी सातच हजार येतात. राखीव जागेवरचा आपला माणूस त्यांना नऊ हजारांच्या पुढे न्यायचा असेल, तर सर्वसाधारण जागांवरील उमेदवारांची मते कमी करावी लागतात. बहुसंख्याकांना अल्पसंख्याकांचा प्रतिनिधी ठरवता येतो, पण तो फुकट ठरवता येत नाही. मला वाटते, राखीव जागांच्या साऱ्या चर्चेत ‘फुकट’ या मुद्द्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके कधी गेले नाही.

भायखळा-परळच्या मतदाराकडे वळण्यापूर्वी त्या काळची मतदारयादी कशी असे, तेही पाहिले पाहिजे, कारण आजच्या वाचकाला ती विचित्र वाटेल. भायखळ्याकडच्या एखाद्या चाळीच्या एका मजल्यावर शेजारी शेजारी राहणारी चार कुटुंबे डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत मराठा गिरणीकामगार, दुसऱ्या खोलीत महार रेल्वे कामगार, तिसऱ्या खोलीत मुसलमान विणकर आणि चौथ्या खोलीत ख्रिस्ती खलाशी. व्हरांडा एक, नळ एक, भाडे घेणारा एक. पण मुसलमान शेजाऱ्याचे नाव स्वतंत्र मुस्लिम मतदारसंघाच्या यादीत, ख्रिस्ती शेजाऱ्याचे भारतीय ख्रिस्ती मतदारसंघाच्या यादीत, आणि मराठा व महार या दोघांचीच नावे भायखळा-परळच्या सर्वसाधारण यादीत. त्यांपैकी महार मतदाराला प्राथमिक फेरी झाली तर त्यातही मत, आणि मग अंतिम फेरीत पुन्हा मत. त्याशिवाय कामगार संघटनांसाठी वेगळे मतदारसंघ होतेच. आणि या चौघांपैकी मालमत्ता, भाडे किंवा शिक्षण यांच्या निकषात न बसणाऱ्याला कोठेच मत नव्हते. कायद्याने अनुसूचित जातींसाठी हे निकष थोडे सैल केले होते : अक्षरओळख असलेला, किंवा गावकीचे कनिष्ठ वतनी काम करणारा माणूस मतदार होऊ शकत असे. ज्या वतनाच्या जाचातून मुक्तता हवी, तेच वतन खेड्यातल्या महाराला मतदार बनवत होते. शहरातल्या चाळीत या दुसऱ्या तरतुदीचा उपयोग अर्थातच नव्हता. येथे अक्षरओळख आणि भाडेपावती हीच कामी येत असे.

१९३५ च्या कायद्याने मुंबईच्या विधानसभेत एकूण १७५ जागा ठरल्या. त्यांत ११४ सर्वसाधारण, त्यांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव, मुसलमानांसाठी २९, कामगारांसाठी ७, व्यापारासाठी ७, आणि बाकीच्या युरोपियन, अँग्लो-इंडियन, भारतीय ख्रिस्ती, जमीनदार, विद्यापीठ, मागास प्रदेश व स्त्रिया यांच्यासाठी. समाजाचे इतके कप्पे पाडणारी ही व्यवस्था परकीय सत्तेने आपल्या सोयीसाठी उभी केली होती, यात शंका नाही, आणि तिचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. मात्र त्या व्यवस्थेच्या आत, ज्यांना आजवर मतच नव्हते त्यांनी आपल्यासाठी जागा कशी तयार करून घेतली, हे नीट पाहण्यासारखे आहे.

ऑगस्ट १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. नावात जात नाही, वर्ग आहे. आणि कार्यक्रमही तसाच होता : कूळ-कामगारांचे हक्क, खोती (कोकणात खोताने कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत) व तत्सम जमीनपद्धतींचे निर्मूलन, कारखान्यांतील कामगारांचे संरक्षण, शिक्षण. या पक्षाने राखीव जागांबरोबर काही सर्वसाधारण जागांवरही उमेदवार उभे केले. रत्नागिरीतून अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर, कुलाब्यातून सुरबा टिपणीस असे सवर्ण कार्यकर्ते या पक्षाच्या तिकिटावर निवडून आले, तर नाशिककडून भाऊराव गायकवाड आले, ज्यांना पुढे महाराष्ट्राने कर्मवीर दादासाहेब म्हणून ओळखले. पक्षाचे बहुसंख्य उमेदवार विजयी झाले. मुंबई इलाख्यात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली असतानाच्या काळात, जेमतेम सहा महिने वयाच्या पक्षाचे हे यश उल्लेखनीय होते.

भायखळा-परळमध्ये आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसने बाळू पालवणकर यांना उभे केले. ‘पी. बाळू’ या नावाने ते सबंध देशाला माहीत होते. डावखुरे फिरकी गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे, हिंदू जिमखान्याच्या संघाचे आधारस्तंभ; आणि तरीही चांभार जातीत जन्मल्यामुळे संघाचे नेतृत्व त्यांना कधीच मिळाले नाही. ज्या खेळाडूंसाठी ते मैदानावर सामने जिंकत, त्यांच्याबरोबर सुरुवातीच्या काळात त्यांना एका पंक्तीला बसता येत नसे. बाळूंचा पराक्रम हा आंबेडकरांच्या तारुण्यातील अस्पृश्य समाजाच्या अभिमानाचा विषय होता, आणि स्वतः आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी आदर होता. पुढे मार्ग वेगळे झाले. १९३२ मध्ये बाळू हे अस्पृश्यांचे मद्रासकडील पुढारी एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर मात्र आंबेडकर आणि बाळू या दोघांच्याही सह्या आहेत. पाच वर्षांनी त्याच कराराने निर्माण केलेल्या जागेसाठी हे दोघे आमनेसामने आले. या लढतीला नायक-खलनायकाची कथा करून सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. बाळूंनी जे सोसले ते आंबेडकरांनी सोसलेल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचे नव्हते. उपायाबद्दलचे दोघांचे निदान वेगळे होते.

मतदान फेब्रुवारी १९३७ मध्ये झाले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजार वीस मतांचा. हे आकडे वाचताना संचयी पद्धत डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. १३,२४५ मते म्हणजे १३,२४५ माणसे नव्हेत. एकेका मतदाराने आपल्या हातातील सर्व मते एकाच उमेदवाराला दिली असतील, तर त्यांमागची माणसे बरीच कमी असणार. काँग्रेसच्या मतदाराने सर्वसाधारण जागांसाठीही मते राखून ठेवली, आणि आंबेडकरांच्या मतदाराला तशी गरज नव्हती. दोन हजार वीस मतांचे अंतर इतके कमी आहे, की सक्तीच्या वाटपाची पद्धत असती तर निकाल उलटा लागला असता, असे मला ठामपणे वाटते. हॅमंड समितीपुढच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या साक्षीत आंबेडकरांनी जे मिळवले, त्याची किंमत परळच्या मतपेट्यांत दिसली.

निवडून आल्यावर या मतदारसंघाच्या सभासदाने काय केले, याकडेही मतदारसंघाच्या नजरेने पाहावे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शहरातील गिरणगावाचा आमदार कोकणातील जमीनपद्धतीवर विधेयक का मांडतो, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर परळच्या चाळींत आहे. तेथील कामगार अर्धा मुंबईचा आणि अर्धा रत्नागिरी-कुलाब्याचा होता. त्याची बायकामुले, म्हातारे आईबाप गावी खोताच्या जमिनीवर राबत, पावसाळ्यात तो स्वतः भात लावायला जाई, आणि संपाच्या दिवसांत गावच त्याला पोसत असे. खोत गावाला नाडतो तेव्हा परळच्या खोलीतही चूल मंदावते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील व इतर जिल्ह्यांतील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आला, तेव्हा गाव आणि गिरणी यांचे हे नाते रस्त्यावर उतरलेले दिसले. ते विधेयक तेव्हा पुढे गेले नाही. खोती कायद्याने संपायला स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडावी लागली.

दुसरा प्रसंग अधिक थेट गिरणगावाचा. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. त्यात संपापूर्वी समेटाची लांबलचक प्रक्रिया सक्तीची केली होती आणि ती न पाळता केलेला संप बेकायदा ठरत होता. आंबेडकरांनी विधानसभेत त्यावर केलेले भाषण हे संपाचा हक्क आणि माणसाचे स्वातंत्र्य यांचा संबंध उलगडणारे आहे : आपल्या मर्जीविरुद्ध काम करण्याची सक्ती म्हणजे गुलामगिरी, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पुढारी यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला, आणि त्याच्या प्रचाराच्या सभा परळच्या कामगार मैदानावर गाजल्या. आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे यांचे एकमेकांविषयीचे मत काही फारसे चांगले नव्हते. तरी त्या दिवशी भायखळा-परळच्या मतदाराला दोघे एका व्यासपीठावर दिसले.

नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि इलाख्याचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. मतदारसंघ कागदावर राहिला, पण नऊ वर्षांत मतदाराला पुन्हा मत मिळाले नाही. दरम्यान आंबेडकरांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते स्वीकारले आणि त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. १९४६ च्या निवडणुका त्याच जुन्या नियमांनी, पण अगदी वेगळ्या हवेत झाल्या. स्वातंत्र्य दारात होते, काँग्रेसची लाट होती, आणि फेडरेशनचा मुंबई इलाख्यात धुव्वा उडाला. प्राथमिक फेऱ्यांत आपल्या उमेदवारांना समाजाने उचलून धरले आणि अंतिम फेरीत बहुसंख्याकांच्या मतांनी ते पडले, असा युक्तिवाद आंबेडकरांनी सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी आलेल्या कॅबिनेट मिशनच्या काळात आकडेवारीसह केला. संचयी पद्धत ही अल्पसंख्याकांना संधी देते, हमी देत नाही. लाट पुरेशी मोठी असली की ते कुंपणही वाहून जाते, हे १९४६ ने दाखवले. ज्या प्रांताने १९३७ मध्ये त्यांना निवडले, त्या प्रांतातून त्यांना घटना समितीवर जाता आले नाही; त्यासाठी बंगालमध्ये फेडरेशनचे तेथील नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने मते मिळवावी लागली. फाळणीनंतर ती जागा गेली आणि मग जुलै १९४७ मध्ये मुंबईतून त्यांची निवड झाली.

राज्यघटनेने प्रौढ मताधिकार आणला, स्वतंत्र याद्या संपवल्या, प्राथमिक फेरीही गेली. भायखळा-परळ हा १९३५ च्या कायद्याने घडवलेला मतदारसंघ त्याबरोबर इतिहासजमा झाला. राखीव जागांसाठी दोन सभासदांचे मतदारसंघ मात्र राहिले, आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने त्यांत एक मूलभूत बदल केला : मतदाराला दोन मते, पण एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देता येणार नाही. म्हणजे हॅमंड समितीने नाकारलेली वाटपाची सक्ती आता स्वतंत्र भारताच्या कायद्यात आली. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्या वेळी कायदेमंत्री होता, आणि तरीही त्याच्याच १९३७ च्या विजयाला आधार देणारी पद्धत टिकली नाही. या बदलावर पुरेशी चर्चा झाली नाही, अशी माझी खंत आहे.

परिणाम लगेच दिसला. जानेवारी १९५२ मध्ये आंबेडकर ‘मुंबई शहर उत्तर’ या दोन सभासदांच्या लोकसभा मतदारसंघातून उभे राहिले. परळचा गिरणगाव यातच होता. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना १,३८,१३७ मते मिळाली आणि आंबेडकरांना १,२३,५७६. चौदा हजार पाचशे एकसष्ट मतांनी राज्यघटनेचा शिल्पकार पराभूत झाला. फेडरेशनशी युती केलेले समाजवादी अशोक मेहता हेही पडले. मतमोजणीत ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरल्या. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी, चिन्हाची पेटी असे. एकाच पेटीत दोन्ही मतपत्रिका टाकल्या तर दुसरी बाद होई. मतदारांना दोन्ही मते एकाच उमेदवाराला देण्यास सांगणारा प्रचार झाला, या मुद्द्यावर आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली. प्रचाराचा भाग असेलही. परंतु या वस्तीतील जुन्या मतदाराने याआधीच्या दोन्ही निवडणुकांत आपली सारी मते एकाच माणसाला देण्याचा हक्क बजावला होता, आणि आता तीच कृती मत बाद करणारी ठरत होती, हेही विसरता कामा नये. सवयीने टाकलेली मते त्या ७४,३३३ मध्ये नसतील, असे मी मानत नाही.

१९५७ मध्ये मतदारसंघांची फेरमांडणी झाली. गिरणगावाचा मोठा भाग आता ‘मुंबई शहर मध्य’ या दोन सभासदांच्या मतदारसंघात होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा जोर होता, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने येथे श्रीपाद अमृत डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने अशी जोडी दिली. दोघेही निवडून आले. सक्तीच्या वाटपात टिकायचे असेल तर दुसरे मत द्यायला विश्वासाचा सोबती लागतो, आणि १९५७ मध्ये तो चळवळीने दिला. डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. बाळू पालवणकर त्याआधी १९५५ मध्ये गेले होते. १९६१ च्या कायद्याने दोन सभासदांचे मतदारसंघच रद्द झाले. राखीव जागा म्हणजे संपूर्ण मतदारसंघ राखीव, एक मतदार आणि एक मत, अशी आजची व्यवस्था तेव्हापासून सुरू झाली, आणि १९६२ ची सार्वत्रिक निवडणूक याच नियमाने झाली.